शपथ आणि पुरावा : जेसन इझबेलच्या ‘साउथईस्टर्न’च्या निमित्ताने

एखादे गीत खोटे कधी ठरते, हा प्रश्न समीक्षेच्या व्यासपीठावर मांडला तर तो बाळबोध वाटण्याचा संभव आहे. गीत खरे वा खोटे नसते, चांगले वा वाईट असते, असे म्हणून आपण तो निकालात काढू. तथापि हे उत्तर देणारे आपणच एखाद्या कवीच्या पत्रव्यवहारात त्याच्या कवितेशी न जुळणारा मजकूर सापडला की अस्वस्थ होतो, आणि जुळणारा सापडला की सुखावतो. काही महिन्यांपूर्वी एका पदव्युत्तर वर्गात लोकप्रिय गीतप्रकारांविषयी चर्चा चालू असता अमेरिकन गीतकार-गायक जेसन इझबेल याच्या ‘कव्हर मी अप’ या गीताचा विषय निघाला. प्रेम आणि व्यसनमुक्ती या दोहोंचे हे गीत त्याच्या २०१३ सालच्या ‘साउथईस्टर्न’ या अल्बमचे पहिलेच गीत. ज्या स्त्रीसाठी ते लिहिले गेले असे सर्व जण मानतात, तिच्यापासून घटस्फोट मिळावा म्हणून इझबेलने २०२३ च्या डिसेंबरात अर्ज केला. म्हणून, एका विद्यार्थ्याचे म्हणणे असे पडले की, ते गीत आता ‘खोटे पडले आहे’. वर्गात कुणी हसले नाही. बहुतेकांनी माना डोलावल्या. प्रस्तुत लेख त्या माना डोलावण्याविरुद्ध आहे.

विद्यार्थ्याचा दोष फारसा नाही. ११ जून २०१३ रोजी ‘साउथईस्टर्न’ प्रसिद्ध झाला तेव्हापासून त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातील बराच मोठा भाग असेच वाचावयास शिकवतो. कथा सुटसुटीत आहे आणि, हे मान्य केले पाहिजे, तपशिलात ती खरीही आहे. १९७९ साली अलाबामा राज्यातील ग्रीन हिल येथे जन्मलेला इझबेल २००१ मध्ये ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ या बँडमध्ये दाखल झाला आणि २००७ मध्ये तेथून बाहेर पडला. मद्यपान हाताबाहेर गेलेले होते. त्यानंतरच्या चार-पाच वर्षांत स्वतःच्या नावाने त्याचे तीन अल्बम निघाले, त्यांपैकी दोन ‘फोर हंड्रेड युनिट’ या साथीदारांसह. जाणकारांनी दखल घेतली. पण नाव झाले नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमांडा शायर्स आणि काही स्नेही यांच्या आग्रहामुळे तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला. शायर्स ही स्वतः गीतकार, गायिका आणि फिडलवादक. वर्षभराने, फेब्रुवारी २०१३ मध्ये, त्या दोघांचा विवाह झाला आणि निर्माता डेव्ह कॉब याच्यासह चाललेले ‘साउथईस्टर्न’चे ध्वनिमुद्रणही त्याच सुमारास पुरे झाले. २०१४ मध्ये अमेरिकाना संगीताचे त्या वर्षीचे कलावंत, अल्बम आणि गीत असे तीनही सन्मान त्याला मिळाले. पतन, स्त्रीचा हात, उत्थान : तीन अंक, पडदा.

आक्षेप या कथेच्या खरेपणावर नाही. ती गीतांच्या आधी पोहोचली, याकडे कुणी लक्ष देत नाही, हा आक्षेप आहे. अल्बम बाजारात येण्याच्या सुमारासच न्यू यॉर्क टाइम्सच्या रविवारच्या मासिकाने इझबेलवर दीर्घ लेख छापला. मुलाखतींतून दारूविषयी प्रश्न विचारले गेले आणि त्याने मोकळेपणाने उत्तरे दिली. जेरार जनेत याने १९८७ मध्ये पुस्तकाभोवतीच्या मजकुराला — शीर्षक, प्रस्तावना, मुलाखत, जाहिरात या साऱ्यांना — संहितेचा उंबरठा म्हटले होते. इथे श्रोता त्या उंबरठ्यावरच बसून राहिला आहे आणि घर पाहिले असे सांगतो आहे. समीक्षकानेही त्याच्या शेजारी बैठक मारावी, ही मात्र तक्रारीची गोष्ट आहे.

आता घरात जाऊन पाहू. अल्बममध्ये बारा गीते आहेत. त्यांपैकी ‘कव्हर मी अप’चा ‘मी’ इझबेलच्या चरित्राशी सरळ जुळतो. ‘ट्रॅव्हलिंग अलोन’चा बऱ्याच अंशी जुळतो, आणि त्यात शायर्सचा आवाज व फिडल असल्याने तो जुळावा अशी योजनाही दिसते. पण ‘एलिफंट’ घ्या. कर्करोगाने मरणाला टेकलेल्या मैत्रिणीबरोबर निवेदक दारूच्या गुत्त्यात बसलेला आहे. दोघे पितात, जुनी गाणी म्हणतात, तो तिला घरी पोहोचवतो. खोलीत हत्ती उभा आहे, आणि दोघेही त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत आहेत, एवढीच हालचाल. हे गीत लिहिले ते नुकतीच दारू सोडलेल्या माणसाने. चरित्रवादी वाचकाने इथे काय करावे? हे व्यसनमुक्तीच्या रोजनिशीतले पान आहे असे म्हणावे, तर या पानावर निवेदक पितो आहे. एवढेच नव्हे, तर त्या दोघांच्या जवळिकीचा तो पिणे हा भाग आहे आणि गीत त्याबद्दल कसलीही माफी मागत नाही. ‘साँग्ज दॅट शी सँग इन द शॉवर’ मध्ये निवेदकाला सोडून स्त्री निघून गेलेली आहे. लग्नाच्या उंबरठ्यावर पूर्ण झालेल्या अल्बममध्ये हे गीत का असावे? ‘इव्हेट’ मध्ये शाळकरी वयाचा मुलगा आहे. वर्गातल्या मुलीच्या घरात तिच्या बापाकडून काय चालले आहे हे त्याला उमगले आहे, आणि हातात रायफल घेऊन तो त्या घराच्या खिडकीवर नेम धरून आहे. ‘सुपर एट’ तर महामार्गावरील स्वस्त मोटेलमध्ये मरण येऊ नये एवढीच इच्छा धरणारे, टवाळीच्या वळणाचे गीत आहे. (‘न्यू साउथ वेल्स’ मला सामान्य वाटते, दौऱ्यावरच्या गायकाच्या कंटाळ्याला त्याने फार मोठी जागा दिली आहे. पण तो वेगळा मुद्दा झाला.)

या अल्बमच्या मध्यभागी जे गीत उभे आहे त्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. ‘लाइव्ह ओक’ सुरू होते तेव्हा वाद्य नसते. नुसता आवाज असतो. निवेदक हा जुन्या सरहद्दीच्या काळातला, हातून माणसे मेलेला लुटारू आहे. तो एका वस्तीत येऊन स्थिरावतो, तेथील एका स्त्रीशी त्याचे जुळते. मग त्याच्या मागील आयुष्याची कुजबुज तिच्या कानी येते. ती दूर जात नाही. उलट त्या गोष्टीने ती त्याच्याकडे अधिकच ओढली गेल्यासारखी त्याला वाटते. आणि त्याला प्रश्न पडतो की, तिचे प्रेम आहे ते कुणावर — आज तिच्यासमोर असलेल्या माणसावर, की जो तो पूर्वी होता त्याच्यावर? इझबेलने मुलाखतींतून सांगितले आहे की, दारूबरोबर आपल्यातले लोकांना आवडणारे काहीतरी निघून जाईल की काय, अशी भीती या गीतामागे होती. चरित्रवादी समीक्षक हे वाक्य हाती लागताच हिशेब मिटवून टाकतो : लुटारू म्हणजे मद्यपी, स्त्री म्हणजे शायर्स, गीत म्हणजे अन्योक्ती.

परंतु गीत तेथे थांबलेले नाही. शेवटी ती स्त्री मेलेली आहे. निवेदकाने तिच्यासाठी ओकचा क्रूस कोरला, पाइनची पेटी केली, तिला खोल पुरले आणि तो दक्षिणेकडे निघून गेला. ती कशाने मेली, हे गीत सांगत नाही. त्याने तिला मारले असावे हा संशय श्रोत्याच्या मनात ते सोडून देते आणि तो दूर करण्याची तसदी घेत नाही. इथे अन्योक्तीचा हिशेब मोडतो. लुटारू म्हणजे मद्यपी म्हटले, तर त्याच्या हातून मेलेली माणसे म्हणजे कोण? आणि ही स्त्री म्हणजे कोण? त्यांना रूपकात विरघळवून टाकले की गीतातील हिंसाच नाहीशी होते. पश्चात्तापी माणसाच्या मनोविश्वातील सामान एवढेच मेलेल्यांचे मोल उरते. इझबेलने नेमके हे होऊ दिलेले नाही. आपली भीती त्याने एका परक्या, भयंकर माणसाच्या तोंडी दिली आणि मग त्या माणसाला त्याच्याच तर्काने शेवटापर्यंत जाऊ दिले, जेथे इझबेल स्वतः कधी गेला नाही आणि जाण्याची शक्यता नव्हती. गीताला वैयक्तिक अर्थ आहे, हे मी नाकारत नाही. तो अर्थ प्रश्नाच्या रूपाने आत शिरला आहे. उत्तर मात्र चरित्रातून आलेले नाही, ते गीतातच घडले आहे. चरित्र ठाऊक असलेल्या वाचकाला यातले पहिले अर्धेच दिसते, आणि त्याला वाटते की सगळे दिसले.

इझबेल हे करू शकला यात नवल नाही. ‘ट्रकर्स’मध्ये असताना, वयाच्या विशीत, त्याने ‘आउटफिट’ मध्ये बापाला मुलाशी बोलते केले होते आणि ‘डेकोरेशन डे’ मध्ये दोन घराण्यांच्या वैरात अडकलेल्या तरुणाला. दुसऱ्याच्या तोंडून ‘मी’ म्हणण्याची ही सवय जुनी आहे. २०१३ मध्ये समीक्षकांनी ती एकाएकी विसरण्याचे ठरवले, कारण आता त्यांच्या हाती गोष्ट लागली होती. आणखी एक तपशील या संदर्भात मला लक्षणीय वाटतो. ‘साउथईस्टर्न’ हे अल्बमचे शीर्षक प्रेयसीवरून आलेले नाही, व्यसनमुक्तीवरूनही नाही. इझबेलच्या लहानपणी त्याचे वडील अलाबामातील ज्या साचे-हत्यारांच्या कारखान्यात काम करीत, त्याचे हे नाव. ज्या कृतीला सर्वांनी कबुलीजबाब म्हटले तिच्यावर कर्त्याने कारखान्याचे नाव लावले.

कंट्री संगीताच्या परंपरेत ‘मी’चा व्यवहार मुळातच गुंतागुंतीचा आहे. हार्लन हॉवर्डने या संगीताची व्याख्या तीन कॉर्ड आणि सत्य अशी केल्याचे सांगतात, आणि त्यातील ‘सत्य’ हा शब्द पकडून बसणारे पुष्कळ आहेत. पण हॉवर्ड हा स्वतः इतरांसाठी गीते लिहिणारा नॅशव्हिलचा व्यावसायिक गीतकार होता, हे त्यांच्यापैकी कुणी सांगत नाही. १९६१ मध्ये पॅट्सी क्लाइनने गायलेले ‘क्रेझी’ हे विली नेल्सनने लिहिलेले होते. स्त्रीच्या गळ्यातला तो ‘मी’ पुरुषाच्या टाकातून उतरला होता आणि त्यामुळे कुणाचे काही बिघडले नाही. जॉनी कॅशने ‘फोल्सम प्रिझन ब्लूज’ मध्ये खुन्याच्या तोंडून गायले. त्याने खून केलेला नव्हता आणि तुरुंगाची शिक्षाही भोगलेली नव्हती, तरी १९६८ मध्ये त्याच फोल्सम तुरुंगात कैद्यांनी त्याला डोक्यावर घेतले. सर्वांत बोलके उदाहरण जॉर्ज जोन्सचे. १९८० मधील ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ हे त्याचे गीत टॅमी विनेटबरोबरच्या त्याच्या मोडलेल्या संसाराचे गीत म्हणून लाखोंनी ऐकले. ते लिहिले होते बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पुटमन या दोघांनी. सर्वांत खासगी समजले गेलेले हे दुःख दोन तिऱ्हाइतांनी लिहून तयार केलेले होते. जोन्सचा गळा खोटा नव्हता आणि त्या दोघांची कारागिरीही खोटी नव्हती. खोटे असलेच तर एवढेच, की या दोहोंत एकच माणूस आहे ही श्रोत्याची समजूत.

मराठी वाचकाला हे अपरिचित वाटू नये. लावणीतील स्त्रीचा ‘मी’ आपण शाहिराचा ‘मी’ समजत नाही, विराणीतील विरहिणीला ज्ञानदेवांच्या चरित्रात शोधावयास जात नाही. मग आधुनिक गीत वा कविता समोर आली की आपली पकड का सुटते? माझ्या मते याचे एक कारण आपल्याच समीक्षेच्या शब्दकोशात आहे. मर्ढेकरांनी आत्मनिष्ठेचा निकष मांडला तेव्हा त्या शब्दाला ‘वाङ्मयीन’ हे विशेषण त्यांनी मुद्दाम जोडले होते. पुढे विशेषण गळाले, निष्ठा उरली. मग ‘अनुभवाची सच्चाई’ आली. आणि शेवटी ‘जगला तेच लिहिले’ हे प्रशस्तिपत्र आले, जे आज आपण पुस्तकांच्या मलपृष्ठांवर निर्धास्तपणे छापतो. वर्गातील तो विद्यार्थी अमेरिकन समीक्षेचा बळी होताच. पण त्याआधी तो आपला बळी होता.

इथवर जे लिहिले ते वाचून कुणी म्हणेल की, प्रस्तुत लेखक विम्झॅट-बीअर्ड्स्लेचा १९४६ मधील निबंध आणि बार्तने १९६७ च्या सुमारास जाहीर केलेला लेखकाचा मृत्यू नव्याने विकावयास बसला आहे. तसे नाही. लेखकाला पुरून टाकण्याची ही सोय छापील पानापुरती ठीक आहे. गीताचे प्रकरण निराळे आहे. तेथे कर्ता मंचावर उभा असतो, घाम पुसत असतो, आणि ‘मी’ म्हणतो तेव्हा त्या ‘मी’ला एक छाती, एक घसा असतो. ‘कव्हर मी अप’च्या प्रयोगात एक नेमका क्षण येतो. निवेदक दारू कायमची सोडल्याची शपथ उच्चारतो आणि सभागृहात टाळ्यांचा, आरोळ्यांचा गजर होतो. वर्षानुवर्षे, गावोगाव हे घडत आलेले आहे. शुद्ध रूपवादी समीक्षक या गजराचे काय करणार? श्रोते अडाणी आहेत म्हणणार? त्या आरोळ्यांत कितीतरी जण असे असतात की ज्यांनी स्वतः सोडली आहे, किंवा ज्यांच्या घरात कुणी सोडली नाही. ते संहितेला दाद देत नाहीत. ते समोरच्या माणसाला साक्ष राहतात. या साक्षीला जागा न देणारा सिद्धान्त मला नको आहे.

प्रश्न असा की, ते साक्ष कशाची राहतात? चरित्रवादी म्हणतो, एका घटनेची. म्हणजे तो माणूस सुधारला या वस्तुस्थितीची. माझे प्रतिपादन याविरुद्ध आहे. जे. एल. ऑस्टिन याने (त्याची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने आली) दाखवून दिले की, काही उच्चार वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, ते कृती करतात. वचन देणे, शपथ घेणे, पैज लावणे ही त्याची उदाहरणे. असा उच्चार खरा वा खोटा नसतो. तो यशस्वी होतो किंवा फसतो. मी उद्या येतो असे वचन देऊन मी उद्या गेलो नाही, तर मी वचनभंग केला. पण काल वचन दिलेच नव्हते असे होत नाही. वचन भंगले असे म्हणता येण्यासाठीसुद्धा ते दिलेले असावे लागते. आता गीतातील व्याकरण पाहा. तेथील क्रियापद भूतकाळी आहे : शपथ घेतल्याचे ते सांगते. म्हणजे कागदावर ते वर्णनच आहे. पण मंचावर, त्याच माणसाच्या तोंडून, त्या रात्रीच्या श्रोत्यांसमोर उच्चारले जाताच वर्णनाची शपथ होते. २०१२ मध्ये घेतलेल्या शपथेची बातमी राहत नाही. आज, या गावात, पुन्हा घेतलेली शपथ होते. श्रोते तिलाच साक्ष राहतात. म्हणूनच ते गीत शंभराव्यांदा ऐकतानाही टाळी शिळी होत नाही. बातमीला कुणी शंभरदा टाळी देत नाही.

ऑस्टिनने मात्र स्वतःच एक दार बंद करून ठेवले होते. रंगमंचावर वा कवितेत उच्चारलेली शपथ त्याला पोकळ, परोपजीवी वाटे, म्हणून ती त्याने विचारातून वगळली. देरिदाने १९७१ मधील ‘सिग्नेचर, इव्हेंट, कॉन्टेक्स्ट’ या व्याख्यानात हे वगळणे उलटवून टाकले : पुन्हा उच्चारता येणे, दुसऱ्या संदर्भात नेता येणे ही भाषेची विकृती नव्हे, ती तिची अटच आहे, जी शपथ पुन्हा उच्चारता येत नाही ती शपथच नव्हे. या वादात देरिदाचा मुद्दा मला तर्कशुद्ध वाटतो, पण त्याचे आपल्याकडील अनुयायी त्यातून जो निष्कर्ष काढतात तो पटत नाही. सर्व उच्चार पुनरावृत्त आहेत म्हणून सर्व उच्चार सारखे आहेत, असे होत नाही. उद्या सकाळी दारूविना उठावयाचे आहे अशा माणसाने मंचावर शपथ उच्चारणे आणि ज्याला तसे काही करावयाचे नाही त्याने ती उच्चारणे, यांत फरक आहे. त्या शब्दांची किंमत पहिल्याला मंचावरून उतरल्यावरही चुकवावी लागते.

हा फरक काल्पनिक नाही. २०१९ मध्ये लोकप्रिय कंट्री गायक मॉर्गन वॉलन याने ‘कव्हर मी अप’ गायले, आणि इझबेलच्या श्रोत्यांपेक्षा कितीतरी मोठ्या समूहापर्यंत ते पोहोचले. जानेवारी २०२१ मध्ये ते वॉलनच्या ‘डेंजरस’ या दुहेरी अल्बममध्येही आले. पुढच्याच महिन्यात वॉलनच्या तोंडी वंशद्वेषी शिवी असलेली चित्रफीत बाहेर आली, तेव्हा त्या अल्बममधून आपल्याला मिळणारे मानधन कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या नॅशव्हिल शाखेला देत असल्याचे इझबेलने जाहीर केले. चरित्रवादाच्या दृष्टीने हे प्रकरण समजूनच घेता येत नाही. गीताचा अर्थ म्हणजे इझबेलचे आयुष्य असेल, तर वॉलनचे श्रोते कशाने हेलावले? त्यांच्यापैकी पुष्कळांना इझबेल कोण हे ठाऊक नव्हते. आणि लेखक मेलेला असेल, तर धनादेश कुणाच्या नावाने निघाला? फूकोने १९६९ मध्ये म्हटल्याप्रमाणे ‘लेखक’ हे एक कार्य आहे, त्यात मालकी आणि जबाबदारी या दोन्ही गोष्टी येतात. इझबेलने त्यातील मालकीचा वापर करून जबाबदारी उचलली. वॉलनच्या गळ्यात शपथेची शपथ राहिली नाही, एक उत्तम प्रेमगीत राहिले, असे माझे मत आहे. श्रोत्यांची फसवणूक झाली असे मी म्हणणार नाही. त्यांना दुसरी वस्तू मिळाली.

आता घटस्फोटाकडे येऊ. अर्जाची वार्ता फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वांना कळली, २०२५ मध्ये तो पूर्ण झाला. ‘कव्हर मी अप’ मध्ये दोन धागे आहेत, प्रेमाचा आणि दारू सोडण्याचा. पहिला तुटला. दुसरा, इझबेलने जाहीरपणे वेळोवेळी सांगितल्यानुसार, टिकून आहे. मग गीत अर्धे खोटे ठरवावे काय? ओळी मोजून? चरित्रवादी वाचकाला आपला तर्क असा हास्यास्पद टोकाला नेणे भाग आहे, कारण त्याने गीताला प्रतिज्ञापत्र मानले आहे.

आणि न्यायालय खरोखरच भरले आहे. २०२५ च्या मार्च महिन्यात इझबेलचा ‘फॉक्सेस इन द स्नो’ आला : एकटा माणूस, एक गिटार, न्यू यॉर्कचा इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओ. सप्टेंबरमध्ये शायर्सचा ‘नोबडीज गर्ल’ आला. वादीचा दावा आणि प्रतिवादीची कैफियत वाचावी तसे हे दोन अल्बम वाचले जात आहेत. कुणाच्या कोणत्या ओळीने कुणाच्या कोणत्या ओळीला उत्तर दिले याच्या जंत्र्या होत आहेत. यात सर्वांत मोठा अन्याय शायर्सवर होतो, आणि तो आजचा नाही. २०१३ पासून तिला ‘वाचवणारी स्त्री’ ही भूमिका मिळाली. इझबेलच्या तीन अंकी नाटकातील दुसऱ्या अंकाचे ती पात्र झाली. त्याआधीही ती गीते लिहीत होती, त्यानंतर २०२२ मध्ये ‘टेक इट लाइक अ मॅन’सारखा अल्बम तिने केला, हे त्या नाटकाच्या नांदीतही येत नाही. आता तिला ‘सोडलेली स्त्री’ ही भूमिका मिळाली आहे आणि तिच्या गीतांचे मोल त्या भूमिकेतील पुराव्याइतके ठरते आहे. ज्यांनी इझबेलच्या गीताला पुरावा मानले तेच आज तिच्या गीतांनाही पुरावा मानत आहेत, आणि याला ते न्याय समजतात. दोन गीतकारांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणे, याला समीक्षा म्हणता येत नाही.

‘फॉक्सेस इन द स्नो’ मधील ‘ग्रॅव्हलवीड’ या गीतात निवेदक, आपल्या प्रेमगीतांना आज निराळे अर्थ चिकटले याबद्दल खेद व्यक्त करतो. या उद्गाराकडे चरित्रवाद्यांनी आपल्या बाजूचा पुरावा म्हणून बोट दाखवले आहे. मी तो नेमका उलटा वाचतो. तेथे गीते खोटी ठरल्याचे म्हटलेले नाही. ती बदलल्याचे म्हटले आहे. ज्याने शपथ घेतली त्यालाच ठाऊक असते की शपथ मागे घेता येत नाही, फक्त तिच्यासह पुढे जगावे लागते. म्हणून तो खेद व्यक्त करतो, खुलासा करीत नाही. खोटे विधान दुरुस्त करता येते. दिलेल्या वचनाला दुरुस्ती नसते.

वर्गातील त्या विद्यार्थ्याने चर्चेनंतर मला विचारले की, त्याच्या लघुप्रबंधात ‘कव्हर मी अप’ हे ‘आत्मचरित्रात्मक गीते’ या प्रकरणात ठेवावे की काढावे. मी म्हटले, ठेवा, पण प्रकरणाचे शीर्षक बदला आणि त्याच प्रकरणात ‘लाइव्ह ओक’लाही जागा द्या. लुटारूचे गीत आत्मचरित्रात कसे बसणार, असे त्याने विचारले. तो प्रश्न त्याने प्रबंधात विचारावा, असे मी सुचवले आहे. मार्गदर्शकांची त्याला संमती मिळालेली नाही.